मार्कग्राफचा तळ राहिला (थंड पाण्यातली एक अर्धवट बुडी)

बोरीकाठचा
१२ मे, रात्री ११:५०

मंडळी, अमळनेरला गच्चीवर पडून लिहितोय. लाइट गेलीय. दुपारी पारा ४४ च्या वर होता, आणि पंधरा दिवसांपूर्वी मी ८ अंशाच्या पाण्यात होतो हे आता माझं मलाच खोटं वाटतंय. आखाजी चुकली म्हणून आई रागावली होती. का चुकली ते सांगितल्यावर जास्त रागावली.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर ऑर्कनी नावाची बेटं आहेत. त्या बेटांनी चहूबाजूंनी वेढलेलं समुद्राचं एक मोठं तळं आहे, स्कापा फ्लो. पहिलं महायुद्ध थांबल्यावर जर्मन नौदलाची ७४ जहाजं तिथे आणून अडकवून ठेवली होती. तह होणार आणि जहाजं इंग्रजांच्या घशात जाणार, हे त्यांच्या अ‍ॅडमिरलला, लुडविग फॉन रॉयटरला दिसत होतं. २१ जून १९१९ला पहाऱ्यावरचा इंग्रज ताफा सकाळीच सरावाला बाहेर पडला आणि याने खुणेचा संदेश फिरवला. खलाशांनी आतून झडपा उघडल्या. संध्याकाळपर्यंत ५२ जहाजं तळाला. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिथल्याच स्ट्रोमनेस गावच्या शाळेची पोरं बोटीतून हा ताफा बघायला सहलीला आली होती! बहुतेक जहाजं नंतर भंगारात निघाली, पण तीन मोठ्या युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथेच आहेत. जगभरातून डायव्हर तिथे जातात.

मी इंग्लंडात नोकरीला. तिथल्या एका स्कुबा क्लबात तीन वर्षांपूर्वी शिरलो. क्लब म्हणजे झगमगाट नाही. बुधवारी रात्री नगरपालिकेच्या तरणतलावात सराव, मग पबात एकमेकांची उणीदुणी. साठी ओलांडलेले प्लंबर, नर्स, मास्तर. शिकवणारे फुकट शिकवतात, आणि सिलिंडर भरायच्या कॉम्प्रेसरवर पाळी लागते. थंडीत आम्ही स्टोनी कोव्हला जायचो. ती दगडाची खाण, आपल्याकडे खदान म्हणतात तशी, पाणी भरून ३५ मीटर खोल झालेली. जानेवारीत बाहेर बर्फ आणि आत ५ अंश. तिथे मला पहिल्यांदा कळलं की दात वाजत असताना तोंडात नळी धरून ठेवणं हेसुद्धा एक कौशल्य आहे.

आता मुख्य गोष्ट. मार्कग्राफ. त्या तीन युद्धनौकांपैकी एक, १७५ मीटर लांब, पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या लढाईत लढलेली. वरच्या तोफांच्या वजनाने बुडतानाच उलटली, त्यामुळे पोट वर आणि डेक खाली गाळात. पोट साधारण २५ मीटरवर लागतं, तळ ४५ वर. आपल्या हिशेबात सांगायचं तर हात वर केलेल्या माणसाचा एक परस, धरा सहा फूट, म्हणजे जवळजवळ पंचवीस परस विहीर. फक्त कठडा नाही आणि पाणी हिरवं.

माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, क्लबातला निवृत्त पोस्टमन. वय ६३, बोलणं जेमतेम. दोरीवरून उतरलो. एप्रिल-मेमध्ये तिथल्या पाण्यात शेवाळाचे बारीक कण माजतात, त्यामुळे सहा मीटरच्या पलीकडचं दिसत नव्हतं. जहाज दिसलंच नाही आधी, अंधार दाट झाला फक्त. मग तो अंधार हाताला लागला. पोलादाची भिंत, तिच्यावर पांढरी-केशरी फुलं उगवल्यासारखे सागरी जीव, आणि भिंत दोन्ही बाजूंना संपेचना. कडेवरून खाली उतरायला लागलो. बाजूच्या तोफा बघायच्या होत्या, त्या चाळिशीच्या आसपास लागतात.

३१ मीटरवर माझा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, सुटला. फ्री फ्लो म्हणतात त्याला. झडप गोठून उघडी अडकते आणि हवा भसाभसा बाहेर येत राहते. कानाशी कुणी पिठाची गिरणी सुरू केल्यासारखा आवाज, समोर नुसते बुडबुडे. पाठीवर १२-१२ लिटरची जोडी होती, मधे जोडनळी, वर दोन वेगळ्या झडपा. अशा वेळी उजवी झडप बंद करायची आणि डावीकडच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर जायचं. शंभर वेळा घोटलेलं. तरी जाड हातमोजे आणि ड्रायसूटमध्ये (आत पाणी न शिरणारा पोशाख) हात मानेमागे पोचेना. पोस्टमनकाकांनी येऊन ती फिरवली. आवाज थांबला. हवेच्या दाबाचा काटा २१० बारवरून १६० वर आला होता. फार तर एक मिनिट गेलं असेल.

हवा भरपूर होती. डोकं ठिकाणावर होतं. तळ चौदा मीटरवर. मी खाली बोट दाखवलं. काकांनी अंगठा वर केला. (पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'छान' नाही, 'वर चला'.) त्यानंतर चर्चा नसते. वर आलो.

घरी आबांना, म्हणजे आईच्या काकांना, हे सगळं हातवारे करून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "मग तळाची माती आणली का?"

नाही आणली. परवापासून गल्लीत माझं नाव 'अर्धी विहीर' पडलंय.

---

कळण्याची_भाकरी
१३ मे, सकाळी ६:१५

इतला थंड पानीमा कसाले जास रे भो? माले त वाचीसनच थंडी वाजनी. आठे ये, ४५ डिग्री फुकट शे.

---

ठिबक_जळगाव
१३ मे, सकाळी ९:०२

मस्त लिहिलंय. आमचा धंदा पाइप आणि दाबाचा, त्यामुळे ४५ मीटर म्हटलं की मला सरळ ४५ मीटर हेड, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब, दिसतं. शेतात ठिबकची लाइन १ बारवर चालते. तू साडेचार बार पाण्याचा आणि वर एक बार हवेचा, असा साडेपाच बारखाली जाणार होतास!

पण एक कळलं नाही. हवा २४ लिटर गुणिले १६०, म्हणजे ३८४० लिटर शिल्लक. माणूस मिनिटाला वीसेक लिटर घेतो. मग १९० मिनिटं पुरेल की. परत कशाला फिरलात?

---

बोरीकाठचा
१३ मे, सकाळी ११:२०

@ठिबक, वीस लिटर हे जमिनीवरचं. ४० मीटरवर दाब पाच पट, म्हणून प्रत्येक श्वासात हवाही पाच पट जाते. मिनिटाला १०० लिटर. घाबरला की २०० सुद्धा. म्हणजे तुझ्या १९० मिनिटांची राहिली ३८. त्यातला तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला आणि तिसरा बडीचा, त्याची हवा संपली तर. शिवाय माझी एक झडप बंद. आता डावीकडचा रेग्युलेटर सुटला तर? तोही त्याच पाण्यातला, त्याच दिवशी भिजलेला. वर जाताना थांबेही घ्यावे लागतात, हवा आहे म्हणून सुसाट वर येता येत नाही.

तरी खरं सांगतो, त्या क्षणी मीही तुझ्यासारखाच हिशेब केला होता. तोंडी गणितात पास झालो होतो.

---

मोरांब्याची_बरणी
१३ मे, दुपारी १:४०

भाऊ, एक विचारते, हसू नका. एवढा रबरी पोशाख चढवून बोटीवर तास, पाण्यात तास. लघवीचं काय करता?

---

बोरीकाठचा
१३ मे, दुपारी १:५५

ताई, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो, विचारत कुणी नाही. साध्या ओल्या सूटमध्ये लोक बिनधास्त करतात आणि मानत नाहीत. ड्रायसूट कोरडा असतो, आत लोकरीसारखे कपडे असतात, तिथे ते चालत नाही. एक तर म्हाताऱ्यांचे डायपर, नाहीतर मांडीशी एक झडप बसवतात, तिच्यातून नळीने बाहेर. पाणी कमी पिऊन जाणं हा तिसरा उपाय आणि तो सर्वांत वाईट. अंगात पाणी कमी असेल तर नायट्रोजनचा त्रास वाढतो. मी डायपरवाला. आमच्या घरात ही गोष्ट सांगितलेली नाही, तेव्हा इथेच राहू द्या.

---

कळण्याची_भाकरी
१३ मे, दुपारी २:०१

😂😂 आते मालूम पडनं गल्लीले.

---

तापीचा_वाघ
१३ मे, दुपारी ४:३०

मी जरा स्पष्ट बोलतो. तीन वर्षं शिकलास, विमानाचं तिकीट काढलंस, बोटीचं भाडं भरलंस, नऊ-दहा मीटरवर तोफा होत्या आणि म्हातारा अंगठा दाखवतो म्हणून मागे फिरलास? आमच्या वेळी भरल्या तापीत पुलावरून सूर मारायची पोरं. पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलो, चौथ्या दिवशी काकाने भोपळा काढून विहिरीत ढकललं. विहिरीच्या तळाला जाऊन मूठभर माती आणली नाही तर बाकीचे वर येऊ द्यायचे नाहीत. नळ्या, काटे, हिशेब यांनी माणूस भित्रा होतो असं माझं मत. राग मानू नकोस.

---

भुसावळ_लोको
१३ मे, सायंकाळी ७:१०

वाघसाहेब, बावीस वर्षं इंजिन चालवतोय. सिग्नल लाल दिसला की थांबायचं. पुढे ट्रॅक मोकळा दिसत असला तरी थांबायचं, रात्री दोन वाजता, मागे डब्यातल्या लोकांच्या शिव्या खात थांबायचं. लाल का दिला याचं उत्तर कधी कधी ड्यूटी संपली तरी मिळत नाही. 'मला तर रस्ता मोकळा दिसत होता' हे वाक्य चौकशीत चालत नाही.

त्या पोस्टमनने लाल दाखवला. याने ब्रेक मारला. मला यात भित्रेपणा सापडेना.

---

तापीचा_वाघ
१३ मे, सायंकाळी ७:२५

रेल्वे वेगळी. तिथे मागे हजार माणसं असतात. हा स्वतःच्या हौसेने गेला होता.

---

भुसावळ_लोको
१३ मे, सायंकाळी ७:२८

मागे एक पोस्टमन होता की.

---

भंगारगल्ली
१३ मे, रात्री ९:००

आमचा तीन पिढ्यांचा भंगाराचा धंदा, म्हणून माझं लक्ष त्या एका ओळीवर अडकलं. '५२ बुडाली, बहुतेक भंगारात निघाली.' अहो, काढली कशी? आम्ही विहिरीत पडलेली एक मोटर काढायला दिवस घालवतो!

---

बोरीकाठचा
१३ मे, रात्री १०:३५

@भंगारगल्ली, यावर रात्रभर बोलीन. अर्नेस्ट कॉक्स नावाचा इंग्रज भंगारवाला होता. बुडालेलं एकही जहाज त्याने याआधी काढलेलं नव्हतं. १९२४ मध्ये ही जहाजं विकत घेतली आणि एक जुनी तरंगती गोदी आणून कामाला लागला. आधी छोट्या विनाशिका, २६ काढल्या. दोन्ही बाजूंनी साखळ्या घालून, हाताच्या विंचांनी, भरतीच्या पाण्याची मदत घेत. मग मोठ्यांकडे वळला. मोठी उलटी पडलेली. त्यांची भोकं पाणबुड्यांकरवी लाकूड-सिमेंटने बुजवायची आणि आत हवा कोंबायची. रिकामी बादली पाण्यात उलटी दाबली तर वर येते ना, तसं हजारो टनांचं जहाज पोट वर करून तरंगतं. मग तसंच उलटं, शेकडो किलोमीटर ओढत दक्षिणेला, फोर्थच्या रेल्वेपुलाखालून. हिंडेनबर्ग नावाचं एक होतं, ते सरळ बसलेलं. त्याने सर्वांत जास्त छळलं, वर आणायचं आणि कलायचं. शेवटी १९३० ला निघालं. एवढं करून कॉक्सला या उद्योगात फायदा झालाच नाही म्हणतात.

मार्कग्राफसारखी जी राहिली ती जास्त खोल होती, परवडत नव्हतं. पण त्यांच्यातूनही थोडं थोडं पोलाद नंतर निघालं. १९४५ च्या अणुस्फोटांनंतर तयार झालेल्या पोलादात हवेतून किरणोत्सर्गाचा अंश शिरायचा, म्हणून बारीक मोजमापाच्या उपकरणांना आधीचं पोलाद लागायचं. पाण्याखालचं ते जुनं पोलाद.

---

भंगारगल्ली
१३ मे, रात्री १०:५०

उलटं ओढत नेलं, पुलाखालून. आज मी जेवताना हेच सांगितलं, पोरांनी टीव्ही बंद केला. जुन्या लोखंडाला भाव असतो हे मात्र बापाकडूनच ऐकत आलोय.

---

सातपुड्याची_सून
१४ मे, सकाळी ७:४५

एक खटकलं म्हणून लिहिते. बुडालेलं जहाज म्हणजे कुणाचं तरी मरण. तिथे हौस म्हणून जाणं बरोबर वाटतं का? माझ्या आजेसासऱ्यांचे भाऊ १९४७ च्या रामदास बोटीच्या अपघातात गेले. १७ जुलै, गटारी अमावस्येचा दिवस होता म्हणतात, रेवसला निघालेली बोट. सहाशेवर माणसं. त्यांचं काहीच मिळालं नाही. घरात त्या दिवशी अजून कुणी मुंबईचा विषय काढत नाही.

---

बोरीकाठचा
१४ मे, सकाळी १०:१०

ताई, बरोबर विचारलंत. जर्मन जहाजं बुडवली तेव्हा खलाशी बोटींत उतरलेले होते. त्या दिवशी गोंधळात नऊ जर्मन गोळीबाराने गेले, पण ते या जहाजांच्या पोटात नाहीत. म्हणून तिथे डायव्हिंगला परवानगी आहे. तेही बघायचं, हात लावून काही उचलायचं नाही, कायद्याने संरक्षित आहेत. त्यामुळे आबांना माती आणायला मी तसाही मोकळा नव्हतोच.

त्याच स्कापा फ्लोमध्ये रॉयल ओक हे इंग्रज जहाज आहे. १४ ऑक्टोबर १९३९च्या रात्री जर्मन पाणबुडीने आत शिरून बुडवलं, ८३५ माणसं गेली. ते युद्धकबर आहे, तिथे डायव्हरला उतरता येत नाही. आमची बोट त्याच्या खुणेच्या बोयाजवळून गेली तेव्हा कप्तानाने इंजिन हळू केलं. सगळे गप्प उभे होते. कुणी सांगितलं नव्हतं.

आपली युद्धात बुडालेली नौका आयएनएस खुकरी आहेच, ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ. तिच्यावर हौसेने जायची कल्पना मला सहन होत नाही.

---

डॉक्टर_देवपूर
१४ मे, दुपारी ३:२०

धुळ्याहून. वैद्यकीय बाजू थोडक्यात, कारण हा धागा वाचून कुणीतरी पोर्‍या कॉम्प्रेसरची नळी घेऊन धरणात उतरेल अशी मला धास्ती आहे.

एक. खाली दाबाची हवा घेतलेली असताना श्वास रोखून वर यायचं नाही. दाब उतरतो तशी फुफ्फुसातली हवा फुगते. ३० मीटरवरचा एक लिटर वर चार लिटर होतो. फुफ्फुस फाटतं. विहिरीत बुडी मारणारा वरची हवा भरूनच खाली जातो, त्याला हा धोका नाही, म्हणून गावाकडचा अनुभव इथे कामाला येत नाही. दोन. खोलवर नायट्रोजन रक्तात विरघळतो, घाईने वर आलं की त्याचे बुडबुडे होतात. सांधे, मज्जारज्जू, कुठेही. उपचार म्हणजे दाबाच्या बंद कोठीत ठेवणं. तीन. चाळीस मीटरवर त्याच नायट्रोजनने नशा चढते. दोन पेग घेतल्यासारखी, आणि सर्वांत वाईट म्हणजे आपल्याला चढलीय हे कळत नाही.

@बोरीकाठचा, परतीचं विमान किती तासांनी घेतलंत?

---

बोरीकाठचा
१४ मे, दुपारी ४:०५

डॉक्टर, शेवटच्या डाइव्हनंतर पूर्ण एक दिवस सोडून. स्ट्रोमनेसला ती दाबाची कोठी आहे, तिच्यावरून आम्ही रोज चालत जायचो. आत जायची वेळ आली नाही.

नशेबद्दल तुमचं वाचून एक आठवलं. ३१ मीटरवर मी खाली बोट दाखवलं ते मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. नंतर काका म्हणाले, तू बोट दाखवत होतास आणि हसत होतास. मला हसल्याचं आठवत नाही.

---

तापीचा_वाघ
१४ मे, दुपारी ४:३०

हे आधी सांगायचं होतंस.

---

केळीचं_खोड
१४ मे, रात्री ९:४५

मी सहसा वाचतच असते. रावेरकडची.

आमच्या भावकीत सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. विहिरीत गाळ काढायला डिझेल पंप आत पायरीवर ठेवून चालवलेला. पंप बंद पडला म्हणून एक जण उतरला. धुराने आत हवा राहिलेली नव्हती. तो पडला. त्याला काढायला भाऊ उतरला. तोही पडला. मग शेजारचा, पट्टीचा पोहणारा, सगळ्या गावात धाडसी. वरून दहा माणसं ओरडत होती, 'जाऊ नको'. तो म्हणाला दोन मिनिटांत आणतो. तिघेही गेले. विहिरीत पाणी गुडघाभर होतं.

त्याच्या बायकोचं आणि माझं माहेर एक. ती अजून म्हणते, कुणीतरी त्याचा हात धरून ठेवायला हवा होता.

वाघदादा, तुम्हाला उद्देशून नाही. पण अंगठा दाखवणारा माणूस मला आवडला.

---

तापीचा_वाघ
१५ मे, सकाळी ६:०५

वहिनी, मला उद्देशूनच असू द्या. रात्री झोप लागली नाही. आमच्या गावालाही असं झालेलं आहे, मी विसरून गेलो होतो की विसरलो होतो असं दाखवत होतो, कोण जाणे.

माझ्या काकाने भोपळा काढून ढकललं तेव्हा तो स्वतः पाण्यात उभा होता. हे लिहायचं राहिलं होतं.

---

ठिबक_जळगाव
१५ मे, सकाळी ९:३०

तांत्रिक शंका. समुद्राचं पाणी ८ अंश, मग झडप गोठली कशी? गोठायला शून्य लागतं.

---

बोरीकाठचा
१५ मे, सकाळी १०:१५

चांगली शंका. गॅसच्या टाकीचा वायू झपाट्याने सोडला की नोजलवर दव, मग बर्फ धरतो, पाहिलं असशील. तसंच. सिलिंडरमधली २०० बारची हवा पहिल्या टप्प्यात एकदम दहाएक बारवर येते आणि फुगताना गार पडते, शून्याच्याही खूप खाली. भोवतालचं पाणी ऊबदार असेल तर भरपाई होते. १० अंशाच्या खाली ती पुरेशी होत नाही, म्हणून थंड पाण्याचे रेग्युलेटर वेगळे येतात. माझा तसाच होता.

दोष माझाही. उतरताना दाबाने ड्रायसूट अंगाला आवळायला लागला, म्हणून त्यात हवा सोडली. त्याच वेळी पाठीवरच्या फुग्यातही सोडली, आणि खाली काय दिसतं या घाईत श्वासही जोरजोरात. तिन्हीकडची ओढ एकाच पहिल्या टप्प्यावर. शिवाय बोटीवर गार वाऱ्यात बटण दाबून दाबून रेग्युलेटर तपासत बसलो होतो, ते आधीच गार झालं असणार. सर्व्हिसिंग केलेल्या दुकानाला मी दोन दिवस मनात शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी क्लबच्या डायव्हिंग ऑफिसरने, ती शाळेत गणित शिकवते, कागदावर हे सगळं मांडून दाखवलं. मग शिव्या आवरल्या. तिने मला सहा मीटरवर नेऊन ती झडप स्वतःच्या हाताने दहा वेळा बंद-उघड करायला लावली. दहाव्यांदा पोचला हात. खांद्याचा पट्टा ढिला केल्यावर.

---

मोरांब्याची_बरणी
१५ मे, दुपारी १२:४०

मग पुन्हा गेलात की नाही त्या मार्कग्राफवर? तेवढं सांगा, भाजी करपतेय माझी.

---

बोरीकाठचा
१५ मे, दुपारी १:३०

मधल्या दिवसांत कार्ल्सरुहे केलं, २५-२६ मीटरवर. कोल्न केलं, ३६ वर. ते कुशीवर झोपलंय आणि फार देखणं आहे. पाठीच्या कण्यासारखी फासळी, मधून मासे, वर आमचेच बुडबुडे पत्र्याला अडकून पाऱ्यासारखे चमकत होते. रेग्युलेटर क्लबचा उसना.

शेवटच्या दिवशी सकाळी पुन्हा मार्कग्राफ होतं. हवा स्वच्छ, पाणी शांत, आदल्या संध्याकाळी मी झडपेचा सराव पुन्हा केलेला. सकाळी उठलो तर डावा कान बंद. सर्दी. नाक दाबून फुंकर घातली तरी उघडेना. औषध घेऊन जाणारे लोक असतात. औषधाचा असर खालीच संपला तर वर येताना कान अडकतो, आणि तिथून घरी जायला दुसरी वाट नसते.

पोस्टमनकाका सूट चढवत होते. मी म्हणालो, आज मी नाही. ते म्हणाले, बरं. त्यांनी सूटची चेन खाली ओढली, दुसऱ्या जोडीबरोबर जायला निघाले, आणि जाता जाता म्हणाले, चहात माझी साखर दोन चमचे. एवढंच. बोटीवर बारा माणसं होती, एकाने कारण विचारलं नाही. क्लबचा तो नियम आहे. कुणीही, कधीही, कुठलीही डाइव्ह सोडू शकतो आणि कुणी जाब विचारायचा नाही.

ते खाली असताना मी बारा कप चहा केला. आणि खरं सांगू, रडू आलं. तोफा पाहायच्या होत्या हो.

---

मोरांब्याची_बरणी
१५ मे, दुपारी १:४४

करपली. असू द्या.

---

भुसावळ_लोको
१५ मे, रात्री ८:२०

चहावाला नियम आमच्याकडेही हवा होता. आमच्याकडे कारण लेखी मागतात.

---

तापीचा_वाघ
१५ मे, रात्री ९:१०

अर्धी विहीर, तू कधीपर्यंत आहेस? चोपड्याकडे आमच्या मळ्यात विहीर आहे. यंदा पाणी खाली गेलंय, पण अजून पाच परस आहे, बांधीव आणि पायऱ्यांची. रविवारी सकाळी सहाला ये. आबांनाही आण. मुटके मारू, तळाची माती काढू, वर आल्यावर मळ्यातच भरीत आणि कळण्याची भाकरी. वांगी घरची.

---

कळण्याची_भाकरी
१५ मे, रात्री ९:१२

मनं नाव लिधं ना? मी बी येस.

---

बोरीकाठचा
१५ मे, रात्री ९:४०

येतो. आबा आत्ताच टॉवेल शोधायला लागलेत, वय ७८. दोर आहे ना कठड्याला? आणि आबा उतरले तर एक जण पूर्ण वेळ वर राहील, तो पोहणार नाही. विहिरीत मोटर आहे का?

---

तापीचा_वाघ
१५ मे, रात्री ९:५५

दोर आहे, ट्रॅक्टरची ट्यूबही आहे. वर मी बसेन, गुडघा दुखतोय तसाही. मोटर आहे, पाच एचपी, पाण्यातली.

---

बोरीकाठचा
१५ मे, रात्री ९:५८

मग स्टार्टर बंद करून भागणार नाही. लाइट पहाटे येते, ऑटोला असेल तर आपोआप चालू होईल. फ्यूज काढून ठेवा.

---

तापीचा_वाघ
१७ मे, सकाळी ५:४०

फ्यूज तिन्ही माझ्या खिशात आहेत. या.